सिग्नल वाढला, तरी संदेश का हरवले?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारे लोरा (कमी शक्तीत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ) पद्धतीचे सेन्सर बसवायचे आहेत. त्याआधी मी पल्ल्याची चाचणी घेत आहे. रिसीव्हर मोटारीच्या खोलीच्या छतावर असून तो सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीवर चालतो. ट्रान्समीटर घेऊन मी ९०० मीटरवरच्या आमच्या दुसऱ्या तुकड्याच्या बांधावर उभा राहतो. वारंवारिता ८६६ मेगाहर्ट्झ, चॅनेलची रुंदी १२५ किलोहर्ट्झ आणि एसएफ (संदेश किती पसरवून, सावकाश पाठवायचा याचा आकडा) १० अशी मांडणी आहे. सकाळी ७ वाजता जवळजवळ सगळे संदेश पोचतात. तेव्हा आरएसएसआय (आलेल्या शक्तीचा आकडा) उणे १११ आणि एसएनआर (सिग्नल आणि खरखर यांच्यातला फरक) अधिक ४ दिसतो. ११ वाजल्यानंतर निम्मे संदेश हरवतात. जे पोचतात त्यांचा आरएसएसआय उणे ९८, म्हणजे उलट चांगला, आणि एसएनआर उणे १४ असतो. सिग्नल वाढूनही संदेश का हरवतात? जवळच मोबाइलचा टॉवर आहे. दोष त्याचा की वेलींच्या पानांचा?

उत्तर : आपण एसएनआरही टिपून ठेवलात हे फार बरे झाले, कारण तो नसता तर केवळ अंदाजाने उत्तर द्यावे लागले असते. आरएसएसआय म्हणजे त्या चॅनेलमध्ये अँटेनावाटे आलेली एकूण शक्ती; त्यातला आपला सिग्नल किती आणि खरखर किती, हे तो आकडा सांगत नाही. एसएनआर उणे १४ याचा अर्थ असा, की सिग्नल खरखरीच्या १४ डेसिबल खाली दबलेला आहे आणि उणे ९८ हा आकडा जवळजवळ सगळा खरखरीचाच आहे. त्याच्या खाली १४ डेसिबल उतरले, की आपला खरा सिग्नल उणे ११२ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) येतो. सकाळच्या उणे १११ मधून खरखरीचा वाटा वगळला, तर तेव्हाही तो उणे ११२ च्या आसपासच होता. सिग्नल जागचा हललेलाच नाही. वाढली ती खरखर.

ती किती वाढली, हेही आपल्याच आकड्यांवरून काढता येते. १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये निसर्गतः असणारी उष्णताजन्य खरखर सुमारे उणे १२३ डीबीएम असते. तीत रिसीव्हरची स्वतःची सहा डेसिबल भर धरली, तर उणे ११७ होते. सकाळची आपली स्थिती जवळपास अशीच, म्हणजे उत्तम आहे. दुपारी तीच खरखर उणे ९८ वर जाते, म्हणजे १९ डेसिबलने, शक्तीच्या हिशेबात जवळजवळ ८० पटींनी वाढते. एसएफ १० ला उणे १५ एसएनआरपर्यंतच संदेश वाचता येतो, आणि आपण दुपारी नेमके त्या काठावर उभे आहात. म्हणूनच निम्मे संदेश पोचतात आणि निम्मे जातात.

पानांवरचा संशय यातून लगेच दूर होतो, कारण पाने सिग्नल शोषतात, खरखर निर्माण करत नाहीत. शिवाय खरखर संदेश बिघडवते ती रिसीव्हरच्या टोकाला. ट्रान्समीटर घेऊन बांधाबांधाने फिरणारा माणूस साहजिकच तो उभा असतो त्या जागेवर संशय घेतो. मात्र आपल्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या खोलीच्या छतावरच शोधायला हवे.

माझा पहिला संशय चार्ज कंट्रोलरवर आहे, आणि त्याला ११ वाजण्याची वेळ कारणीभूत आहे. साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर सकाळी बॅटरी रिकामी असताना पॅनेल तिला सरळ जोडून देतो. बॅटरी भरत आली, की तो प्रवाह सेकंदाला अनेकदा तोडू-जोडू लागतो. या तोडजोडीच्या तीव्र कडांमधून उठणारी खरखर फार वरच्या वारंवारितांपर्यंत पसरू शकते आणि पॅनेलच्या लांब तारा तिला अँटेनासारख्या बाहेर फेकतात. दुपारी कुणाला तरी बांधावर उभे करून संदेश चालू ठेवावेत आणि आपण छतावर जाऊन पॅनेलवर जाड गोणपाट दुहेरी घडी करून टाकावे. एसएनआर मिनिटाभरात अधिककडे सरकला आणि गोणपाट काढताच पुन्हा कोसळला, तर गुन्हेगार सापडला. हे किमान तीनदा करून वेळेसह वहीत लिहावे, आणि त्या दरम्यान दुसरी कोणतीही गोष्ट बदलू नये.

गोणपाटाने काहीच फरक पडला नाही, तर मोटार पाहावी. थ्री फेज येण्याच्या वेळा आणि संदेश हरवण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या, तर तो संबंध आहे की नाही हे दोन-चार दिवसांत कळते.

टॉवरचा संशय निराधार नाही. ८५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पट्टा वापरणाऱ्या टॉवरचे प्रक्षेपण ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे आपल्या वारंवारितेला अगदी खेटून, आणि असा जोरदार शेजारी रिसीव्हरला बधिर करू शकतो. त्याची परीक्षा वेगळी आहे : अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये सिग्नल ६ डेसिबलने घटवणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा. सिग्नल कमी करूनही एसएनआर सुधारला, तर रिसीव्हर बाहेरच्या जोरदार सिग्नलने दबला जात होता असे समजावे. मग शेजारच्या वारंवारिता अडवणारा चांगला कॅव्हिटी फिल्टर किंवा अँटेनाची जागा बदलणे हाच उपाय उरतो.

दोष कंट्रोलरचा निघाला, तर पॅनेलच्या तारा आखूड करून एकमेकींभोवती पिळाव्यात, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना फेराइटचे कडे घालावे, आणि अँटेना चांगल्या कोअ‍ॅक्स केबलने शक्य तितकी दूर न्यावी. ट्रान्समीटरची शक्ती वाढवून खरखरीवर मात करण्याचा मार्ग मात्र मी सुचवणार नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०२१ च्या नियमांनुसार परवान्याविना खुला असला, तरी शक्तीला मर्यादा आहे आणि दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षण मागण्याचा हक्क नाही. आणखी एक : सकाळी आपल्या हाती १९ डेसिबलची शिल्लक होती, ती सगळी दुपारच्या खरखरीने खाल्ली. सेन्सर उद्या मांडवाखाली, जमिनीलगत बसतील आणि तेव्हा हीच शिल्लक लागेल. म्हणून पल्ल्याची चाचणी भर दुपारीही घेतल्याशिवाय सेन्सरची जागा ठरवू नये.

प्रश्न : अशी खरखर शोधायला, वारंवारितेनुसार सिग्नल पडद्यावर दाखवणारा महागडा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घ्यावाच लागतो का? — कोल्हापूरहून एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही. संगणकाला जोडायचा स्वस्त आरटीएल-एसडीआर रिसीव्हर पुरतो. ट्रान्समीटर बंद ठेवून ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पडदा निवांत पाहत राहावे, मग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे रोध असलेले टोपण, लावावा. खरखर तरीही राहिली, तर ती आपल्याच यंत्रणेतून येत आहे. गेली, तर ती अँटेनावाटे येत होती, मग तिचा उगम हातभर अंतरावर का असेना. घरातला जुना ट्रान्झिस्टरही मदतीला येतो : मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावून तो एकेका यंत्राजवळ न्यावा, खरखर वाढेल तिथे संशय धरावा. त्यावरून ८६६ मेगाहर्ट्झवरचा दोष सिद्ध होत नाही, पण कोणते यंत्र आधी बंद करून पाहावे एवढे नक्की कळते.