जन्मतःच अँटिबायोटिक्स दिल्याने बाळाच्या आतड्यातल्या नसांची वाढ खुंटते का?

तुमच्या बाळाला जंतुसंसर्गामुळे पहिले सात दिवस अँटिबायोटिक्स द्यावी लागली, आणि आता त्याच्या आतड्यातल्या नसांचं काय, हा तुमचा प्रश्न. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझी मुलगीही पहिला आठवडा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. ही धास्ती मी स्वतः अनुभवली आहे.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं, म्हणजे नसांच्या पेशींचं स्वतंत्र जाळं असतं. मेंदूला न विचारता ते अन्न पुढे ढकलतं. गर्भात या पेशी वरून, अन्ननलिकेच्या बाजूने शिरतात आणि सरकत सरकत सातव्या आठवड्याच्या सुमारास पार शेवटच्या टोकाला पोहोचतात. आतड्यात कायम राहणारे उपयोगी जंतू यायच्या कितीतरी आधी. पण पोहोचणं वेगळं, एकमेकींशी जुळणं वेगळं. ती जुळणी जन्मानंतरही चालते, आणि जंतू वस्तीला येतात ते याच दिवसांत.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१४ मध्ये पूर्ण जंतुविरहित वाढलेली उंदराची पिल्लं तपासली, वय अवघं तीन दिवस. लहान आतड्यातलं जाळं विरळ, चेतापेशींच्या गाठींमध्ये पेशी कमी, आकुंचन क्षीण. मेलबर्नमध्ये उंदरांच्या नवजात पिल्लांना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक पाजलं, तेव्हाही मोठ्या आतड्याचं जाळं आणि चाल बदलली.

इथे थांबू नका, पुढचं वाचा. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या गटाने २०१८ मध्ये मोठ्या झालेल्या जंतुविरहित उंदरांना नेहमीचे जंतू दिले आणि आतड्याची चाल पूर्ववत झाली. जंतूंमुळे आतड्यात सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारं रसायन सुटतं, त्याने हे जाळं सावरतं.

शिवाय हे सगळं उंदरांचं. संसर्ग असताना औषध टाळणं तुमच्या बाळाच्या जिवावर बेतलं असतं. तुम्ही योग्य तेच केलंत. आता जमेल तितकं अंगावर पाजा. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. ते बिफिडोबॅक्टेरिया या आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं खाणं आहे.

घुटीत मध घालणारं कुणी घरात असेल तर मात्र हात धरा. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातली जंतूंची दाट वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाची अजून विरळ असते. रुजले, तर त्यांचं विष नसांची टोकं बंद पाडतं. बहुतेकदा आधी शी अडते, मग दूध ओढायची ताकद जाते, मान लुळी पडते. असं दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको.