वाचकांचे प्रश्न : पोस्टर कलरनंतर जलरंग

प्रश्न : जाहिरात संस्थेत ३४ वर्षं लेआउट आणि इलस्ट्रेशन केलं. निवृत्तीनंतर जलरंगात निसर्गचित्रं सुरू केली आहेत. कार्ट्रिज कागदावर, उरलेले पोस्टर कलर आणि फोटो कलर वापरतो. चित्र खडू फासल्यासारखं दिसतं, कागदही फुगतो. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं आर्टवर्क छपाईच्या कॅमेऱ्यासाठी असे. पांढऱ्याने केलेली दुरुस्ती छपाईत दिसत नसे, आणि निगेटिव्ह निघाली की मूळ कागदाचं काम संपे. आता तोच कागद भिंतीवर लागणार आहे.

जलरंगात उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो आणि कागदाच्या पांढऱ्यावरून परततो. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. तो थोडा जरी मिसळला तरी ही वाट बंद होते. म्हणून पांढरा आणि काळा दोन्ही बाजूला ठेवा. उजेडाच्या जागा आधीच ठरवून कोऱ्या सोडा. सावलीला अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा राखाडी करा.

फोटो कलर तर अजिबात नको. ती डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग असते, उन्हात उडते. खात्री करायची असेल तर प्रत्येक रंगाची पट्टी ओढा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि तीन महिने खिडकीत ठेवा. नव्या ट्यूबवर पिगमेंटचा (रंगद्रव्याचा) क्रमांक पाहा : अलिझरिन या गडद लाल रंगाचा पीआर ८३ फिका पडतो, त्या जागी पीव्ही १९ घ्या.

कागद फुगू नये म्हणून तो ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा हवा. पूर्ण ताव (२२ × ३० इंच) चार तुकड्यांत कापला तर खर्च आवाक्यात राहतो. पातळ कागद असेल तर पाच-सात मिनिटं भिजवून, पाण्याने चिकटणाऱ्या तपकिरी गमटेपने फळीवर ताणा. मास्किंग टेप ओल्या कागदावर टिकत नाही.

सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) तुम्हाला येतोच, ती मोठी शिदोरी आहे. फक्त फळी १५ अंश कलती ठेवा, रंग लागेल त्यापेक्षा जास्त कालवा, आणि सुकल्यावर तो फिका होतो हे धरून थोडा गडद घ्या. ओल्या रंगाची चकाकी गेली पण कागद अजून गार लागतोय, तेव्हा हात लावू नका. त्या वेळी ब्रशातलं जास्तीचं पाणी रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात.

सगळ्यात चिवट सवय बाह्यरेषेची. बटर पेपरवरून ट्रेस करून आत रंग भरू नका. महिनाभर रोज अर्धा तास, पेन्सिलीशिवाय, एकाच रंगाच्या तीन छटांत चित्र करा.

प्रश्न : ईझलवर (चित्राच्या उभ्या स्टँडवर) काम करताना मान दुखते. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा-जवळचा नंबर एकाच भिंगात असलेला चष्मा आहे.

उत्तर : ईझल साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर असतं. तेवढ्या अंतरासाठी तुमच्या भिंगात अरुंद पट्टाच असतो, त्यात बघायला हनुवटी वर करावी लागते. ईझलचं अंतर मोजून चष्मेवाल्याकडे न्या आणि त्या अंतराच्या नंबरचा साधा, एकाच अंतराचा चष्मा करून घ्या.