वाचकांचे प्रश्न : ऑर्डर, गूगल प्रोफाइल आणि जाहिरातीचा खर्च

प्रश्न : माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरींची नुसती झुंबड उडते. कोणी मेसेज टाकतं, कोणी व्हॉइस नोट, कोणी मागच्या वर्षीच्या यादीचा फोटो. काही ऑर्डरी माझ्या फोनवर येतात, काही सासूबाईंच्या. गेल्या वर्षी काही ऑर्डरी राहून गेल्या आणि ऐन वेळी चकलीची भाजणी कमी पडली. ऑर्डरी सांभाळायला एखादं चांगलं अ‍ॅप सुचवाल का?
– फराळ व्यावसायिक, विलेपार्ले

उत्तर : पैसे भरून नवीन अ‍ॅप घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि गूगल शीट या दोन फुकटच्या गोष्टींत तुमचं काम होतं. ऑर्डर दोन फोनवर येते आणि कुठेच लिहिली जात नाही, हे तुमचं खरं दुखणं आहे. ते कुठलंही अ‍ॅप आपोआप बरं करत नाही.

आधी व्यवसायासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, पण दोन सिमच्या फोनवर दोन्ही अ‍ॅप सुखाने नांदतात. या सिमचं रिचार्ज वर्षभर चालू ठेवा. दिवाळी झाली की सिम कपाटात गेलं, असं केलंत तर नंबर बंद पडून दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो, आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तर तोच सेव्ह असतो. सासूबाईंनी याच खात्यावर काम करायचं. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं लिंक करता येतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप लॉग आउट होतात, एवढं ध्यानात ठेवा. सेटिंग्जमध्ये जाऊन सहा अंकी पिनची टू-स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्याच दिवशी चालू करा.

मग कॅटलॉग भरा. ‘चकली’ एवढंच न लिहिता ‘भाजणीची चकली, ५०० ग्रॅम’ अशी नोंद करा. पाव किलोची नोंद वेगळी. गिऱ्हाईक कार्टमध्ये टाकून पाठवतं तेव्हा पदार्थ, वजन आणि नग लेखी येतात, व्हॉइस नोट पुन्हा पुन्हा ऐकत बसावं लागत नाही. ज्येष्ठ मंडळी तरीही फोनच करतील. त्यांची ऑर्डर तुम्ही स्वतः टाइप करून त्यांनाच पाठवा, म्हणजे तीही लेखी झाली.

आता शीट. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. रकाने असे ठेवा : ऑर्डर क्रमांक, नाव, मोबाइल, पदार्थ, वजन ग्रॅममध्ये, पोचवायची तारीख, भाग, रक्कम, आलेले पैसे, स्थिती. एका ओळीत एकच पदार्थ लिहायचा. एका गिऱ्हाइकाने चकली, लाडू आणि चिवडा मागितला तर तीन ओळी होतील आणि तिन्हींत ऑर्डर क्रमांक तोच राहील. ‘चकली १ किलो, लाडू अर्धा किलो’ असं एकाच चौकटीत कोंबलं की शीटला बेरीज करता येत नाही. मग डोळ्यांनी मोजणं आलं, आणि भाजणी कमी पडते ती तिथेच. वजन नेहमी ग्रॅममध्ये आणि नुसता आकडा : १०००, ५००, २५०. आकड्यापुढे ‘किलो’ लिहिलंत की शीटच्या लेखी ती संख्या उरत नाही.

पदार्थाच्या रकान्यात टाइप करू नका, ड्रॉपडाउन लावा. ‘चकली’, ‘चकल्या’ आणि शेवटी चुकून एक स्पेस पडलेली ‘चकली’ हे शीटसाठी तीन वेगळे पदार्थ असतात. तारखांचंही तसंच आहे. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ करा, नाहीतर ५/११ म्हणजे ११ मे असं ते धरून चालतं. ही दोन्ही कामं संगणकावर एकदाच करायची. रोजची नोंद मग मोबाइलवरून चालते.

एवढं झालं की इन्सर्टमधून पिव्हट टेबल घ्या. ओळींत पदार्थ, रकान्यांत पोचवायची तारीख, आकड्यांत वजनाची बेरीज. कोणत्या दिवशी किती किलो चकली द्यायची आहे, हे समोर येतं आणि भाजणी त्या हिशेबाने दळून आणता येते. टेबल बनवताना पूर्ण रकाने निवडा. ठरावीक ओळींपुरतंच निवडलंत तर पुढच्या ऑर्डरी बेरजेत येणार नाहीत. चुकून काही पुसलं गेलं तर व्हर्जन हिस्टरीतून आधीची शीट परत आणता येते.

‘भाग’ या रकान्यात लोकलची लाइन लिहा, म्हणजे पश्चिम, मध्य, हार्बर, आणि पुढे स्टेशन. पार्ल्याहून निघालेला माणूस अंधेरी, गोरेगाव, बोरिवली एका फेरीत करील. त्यात मुलुंड घुसवलंत तर त्याचा दिवस गेला.

शेवटचा नियम घरात सगळ्यांनी पाळायचा : शीटमध्ये चढली आणि क्रमांक गिऱ्हाइकाला गेला, तरच ती ऑर्डर. यासाठी क्विक रिप्लाय तयार ठेवा. तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की मजकूर येतो : ‘ऑर्डर क्र. __ : __. एकूण __ रुपये. __ रोजी संध्याकाळी ६ ते ८. बरोबर आहे ना?’ चॅटला ‘अ‍ॅडव्हान्स बाकी’, ‘पैसे आले’, ‘पोचवली’ अशी लेबलं लावा. लेबल पाहायला सोयीचं असतं, पण हिशेबासाठी शीटच खरी.

आणखी एक. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना स्वतंत्र पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून डब्यावरच्या लेबलवर ‘हा नंबर सेव्ह करा’ असं ठसठशीत छापा. हजारो नंबरांना एका झटक्यात मेसेज पाठवून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. त्यापायी नंबरवर बंदी येते आणि ती ऐन दिवाळीत आली तर सगळा हंगाम गेला.

प्रश्न : मी घरोघरी जाऊन एसी आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, दुकान नाही. गूगलवर ‘बेस्ट एसी रिपेअर मुलुंड ठाणे २४ तास’ नावाने प्रोफाइल टाकली, तर व्हेरिफिकेशन नाकारलं. एक जण म्हणतो, पाच हजार द्या, पहिल्या नंबरवर आणतो. देऊ का?
– दुरुस्ती कारागीर, मुलुंड

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. गूगल बिझनेस प्रोफाइल पूर्ण फुकट आहे आणि नकाशावरचा क्रम पैसे देऊन विकत मिळत नाही. तो तीन गोष्टींवर ठरतो : शोधणाऱ्याला जे हवं त्याच्याशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचा लौकिक किती. दादरला बसून शोधणाऱ्याला मुलुंडचा कारागीर सहसा वर दिसणार नाही, आणि त्यात तुमचं नुकसानही नाही.

पहिली चूक नावाची आहे. प्रोफाइलवर तेच नाव हवं जे बिलबुकावर, व्हिजिटिंग कार्डावर आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी आहे. ‘बेस्ट’, गावांची नावं, ‘२४ तास’ हे सगळं काढा. या शब्दांमुळे चालू प्रोफाइलही निलंबित होते. काम काय करता ते कॅटेगरीत सांगायचं असतं. मुख्य कॅटेगरी एसी दुरुस्तीची, वॉशिंग मशीनची जास्तीची म्हणून.

दुकान नसल्यामुळे घरचा पत्ता लोकांना दिसू देऊ नका. तो लपवून ‘सर्व्हिस एरिया’ भरा : मुलुंड, नाहूर, भांडुप, ठाणे, ऐरोली. असे २० भाग टाकता येतात, पण जिथे खरोखर जाता तेवढेच टाका.

व्हेरिफिकेशनचा व्हिडिओ फोनवर तिथल्या तिथे एका दमात घ्यायचा असतो, मधे कापाकापी चालत नाही. निदान ३० सेकंदांचा हवा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. तुम्ही कुठे आहात : रस्त्याची पाटी किंवा आजूबाजूची ओळखीची दुकानं. धंदा खरा आहे : गॅस चार्जिंगचा गेज, व्हॅक्यूम पंप, अवजारांची पेटी, गाडीवर नाव असेल तर ते. आणि तुम्हीच मालक आहात : गाडी किंवा सामानाची खोली स्वतःच्या किल्लीने उघडा, गुमास्त्याचा (दुकान परवान्याचा) किंवा उद्यमचा (लघुउद्योग नोंदणीचा) कागद नावासकट दाखवा. कागदावरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव एकच असू द्या. तिथेच बरेच अर्ज अडकतात. आधार कार्ड, बँकेचे आकडे, दुसऱ्यांचे चेहरे दाखवू नका. तालीम म्हणून एकदा साध्या कॅमेऱ्यावर तोच फेरा मारून बघा, मग खरा व्हिडिओ घ्या.

रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे मशीन चालू झालं आणि गिऱ्हाइकाने हुश्श केलं तो क्षण. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक काढून तिथेच व्हॉट्सअ‍ॅप करा. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे सोडणं किंवा नातेवाइकांकडून लिहून घेणं नियमाबाहेर आहे आणि असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. कुणी तक्रार लिहिली तर दोन ओळींत शांतपणे उत्तर द्या. ते पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

प्रोफाइलचा मुख्य मालक तुमचा स्वतःचा जीमेलच असला पाहिजे. मदतीला कुणी घेतलंत तर त्याला फक्त ‘मॅनेजर’ करा. त्याच्या खात्यावर प्रोफाइल उघडली गेली आणि पुढे बिनसलं, तर जमवलेले सगळे रिव्ह्यू त्याच्या ताब्यात राहतात आणि ते सोडवताना फार यातायात होते.

प्रश्न : साड्या आणि कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. इन्स्टाग्रामवर रोज २०० रुपये असं पाच दिवस बूस्ट केलं. लाइक्स खूप आले, दुकानात मात्र कुणी फिरकलं नाही. पैसे फुकट गेले का?
– दुकानदार, दादर

उत्तर : बूस्ट करताना उद्दिष्ट काय निवडलं होतं ते पाहा. प्रोफाइल भेटी किंवा लाइक-प्रतिसाद निवडला असेल तर यंत्रणा लाइक करणारीच माणसं शोधते, आणि ती तिने शोधली. तुम्हाला हवे आहेत मेसेज. उद्दिष्ट ‘मेसेज’ ठेवा आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर वळवा.

दुसरा दोष नकाशाचा. दादरभोवती वर्तुळ काढलं की त्याचा मोठा तुकडा अरबी समुद्रात जातो आणि वर्तुळ मोठं केलं की खाडीपलीकडचे लोक आत येतात. आपलं शहर लांबट आहे, माणसं लोकलच्या रुळांवरून येतात. त्यामुळे एका मोठ्या वर्तुळाऐवजी दादर, माटुंगा, परळ, घाटकोपर, अंधेरी अशा पिना टाकून भोवती छोटी वर्तुळं ठेवा. पश्चिम आणि मध्य या दोन्ही लोकल लाइन दादरला मिळतात, याचा एवढा फायदा कुठल्याच दुकानाला नाही.

मग हिशेब मांडा. हजार रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून खर्च १,१८०. समजा त्यातून ३० मेसेज आले आणि चार साड्या विकल्या गेल्या, तर प्रत्येक विक्रीमागे जाहिरात २९५ रुपयांना पडली. एका साडीवर तुम्हाला ५०० सुटत असतील तर चालू ठेवा; २५० सुटत असतील तर फोटो, किंमत किंवा भाग बदला. तीन-चार दिवस एकच गोष्ट बदलून बघा. एकदम सगळं बदललंत तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

गिऱ्हाईक कुठून आलं हे कळण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधल्या शॉर्ट लिंकचा उपयोग करा. लिंकमध्ये आधीच भरलेला मजकूर ठेवता येतो. इन्स्टाग्रामच्या बायोतल्या लिंकवर ‘इन्स्टावर पाहिलं’, पिशवीवर छापलेल्या क्यूआरवर ‘पिशवीवर पाहिलं’. लिंकमध्ये नंबर हाताने घालत असाल तर ९१ आणि पुढे दहा अंक. अधिक चिन्ह किंवा शून्य घालू नका. आणि साडीच्या फोटोत किंमत लिहाच. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटलं की निम्मे मेसेज किंमत विचारण्यातच जातात आणि तुमचा दिवस त्यांना उत्तरं देण्यात.

प्रश्न : छापखान्याने दिलेला मराठी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात.
– खानावळ चालक, गिरगाव

उत्तर : तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नाही, छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. मोबाइलला ती लिपी कळत नाही. चार ओळींसाठी कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठी निवडून बोलून टाइप करा आणि जोडाक्षरं तपासा. छापखान्याला पुढच्या वेळी ‘युनिकोडमध्येच द्या’ असं आधीच सांगा. पोस्टरसाठी मुक्ता आणि बालू हे फॉन्ट घ्या. मुंबईच्याच एक टाइपने ते केले आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. आजची थाळी आणि भाव फोटोखालच्या मजकुरातही लिहा, नुसतं चित्रावर नको. चित्रातला मजकूर गिऱ्हाइकाला तितक्या सहज कॉपी करून पुढे पाठवता येत नाही.

प्रश्न : एकाने ५० पाकिटं मसाल्याची ऑर्डर दिली. लष्करात आहे म्हणाला, आणि आगाऊ पैसे घेण्यासाठी एक क्यूआर पाठवून स्कॅन करायला सांगतो आहे. करू का?
– मसाला विक्रेते, लालबाग

उत्तर : मुळीच करू नका. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही कधी टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. लष्कराचं नाव, न बघता मोठी ऑर्डर, भावाची घासाघीस नाही आणि घाई, ही या फसवणुकीची ठरलेली लक्षणं आहेत. तुमचाच क्यूआर त्याला पाठवा. खरं गिऱ्हाईक असेल तर त्यावर पैसे येतील. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, साउंडबॉक्स बोलू दे किंवा खात्यात जमा दिसू दे.

आधीच पैसे गेले असतील तर उद्यावर टाकू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. त्या माणसाचे मेसेज आणि कॉलची नोंद रागाच्या भरात पुसून टाकू नका, तक्रारीला तेच लागतं.