वाचकांचे प्रश्न : केवळ नेमबाजीच्या आनंदासाठी स्वतःची बंदूक

नेमबाजीच्या छंदाविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४८ असून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. महाविद्यालयात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफल चालवली, तेव्हापासून नेमबाजीची ओढ आहे. मला संरक्षणासाठी शस्त्र नको आणि शिकारीसाठी तर नकोच. सुटीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर नेम धरण्यात जो आनंद मिळतो, तेवढ्यासाठीच स्वतःची रायफल हवी आहे. हे कारण कायद्याला चालते का? पत्नीला घरात बंदूक आणण्याचीच धास्ती वाटते.

उत्तर : चालते, आणि अर्जात ते लपवण्याचेही काही कारण नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरायच्या पॉइंट टू-टू रायफलीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे जिवाला धोका असल्याचे दाखवल्याशिवाय परवाना मिळतच नाही, हा सर्वत्र पसरलेला समज बरोबर नाही. मात्र आधी क्लबचे सदस्यत्व, मग नियमित सराव आणि त्यानंतर परवाना, हा क्रम आपण पाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. पुष्कळ जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. खटपट करून परवाना मिळवतात, बंदूक घेतात आणि मग ती चालवायची कुठे याचा शोध सुरू होतो. अशी बंदूक वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते आणि घरच्यांच्या मनाला मात्र कायमचा घोर लागतो.

आपण सोलापूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल, तर परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना असतो. ग्रामीण हद्दीत तो जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते, शिवाय पोलीस चौकशी होते. अर्ज नाकारला गेल्यास सर्वसाधारणपणे त्याची कारणे लेखी मिळतात आणि त्यावर अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आहे, तर सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आली आहे. कोणी ‘संरक्षण असे लिहा, काम लवकर होईल’ असा सल्ला दिला, तर तो मुळीच मानू नये. आपला हेतू सरळ आहे, तो तसाच लिहावा.

आता आनंदाविषयी, कारण आपल्या पत्राचा गाभा तोच आहे. एनसीसीत आपण ग्रुपिंग काढले असेल. पोटावर झोपून एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावरच्या पाच छिद्रांमधले अंतर मोजायचे, ही ती साधी कसोटी. पाचही छिद्रे एकमेकांना चिकटून पण मध्यबिंदूपासून दूर पडली असतील, तर दोष साइटचा, म्हणजे बंदुकीवरील नेम धरण्याच्या खुणेचा, असतो आणि दोन-चार क्लिक फिरवल्यावर तो जातो. छिद्रे विखुरली असतील, तर बहुतेक वेळा दोष आपला असतो : श्वास अर्ध्यावर सुटला, चाप सरळ मागे दाबण्याऐवजी खसकन ओढला गेला किंवा बार होताच कागदाकडे पाहण्याच्या उत्सुकतेने गाल दस्त्यावरून उचलला गेला. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्या वेळात झालेली हालचालही कागदावर उमटते. म्हणून बार झाल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवायला शिकवतात. दिवसभर कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात वावरणाऱ्या माणसाला असा एक तास किती मोलाचा वाटत असेल, हे आम्ही समजू शकतो. ज्या छंदात आपल्या मनाची अस्वस्थता मिलिमीटरमध्ये मोजून समोर येते, त्याची ओढ वाटणे पूर्णपणे निरोगी आहे, असे आमचे मत आहे.

पत्नीची धास्ती रास्त आहे आणि त्यांची समजूत शब्दांनी घालता येणार नाही. त्यांना एकदा रेंजवर घेऊन जावे. तिथे आदेश मिळाल्याशिवाय कोणी बंदुकीला हात लावत नाही, आणि कोणी लक्ष्याकडे जाण्यापूर्वी प्रत्येक बंदूक रिकामी करून, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून खाली ठेवली जाते, हे त्यांनी स्वतः पाहावे. घरी रायफल भिंतीला पक्क्या बसवलेल्या पोलादी कपाटात, तिचा बोल्ट काढून दुसरीकडे आणि काडतुसे तिसऱ्याच कुलपात ठेवावीत. एवढे करूनही त्यांची तयारी नसेल, तर क्लबची रायफल वापरावी. नेमबाजीचा आनंद बंदुकीच्या मालकीवर अवलंबून नसतो.

प्रश्न : दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेत मी छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडतो आणि नेम चांगला लागतो. जुळे सोलापुरात आमची गच्ची मोठी आहे. एअर रायफल घेण्यास परवाना लागतो का, आणि गच्चीवर सराव करता येईल का?

उत्तर : ०.१७७ बोअरच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. अधिकृत विक्रेत्याकडूनच, ओळखपत्र देऊन आणि पावती घेऊन ती खरेदी करावी. गच्चीवर मात्र सराव करू नये. चुकलेला छरा शे-दोनशे मीटर सहज जातो आणि शेजारच्या गच्चीवर कोण पापड वाळत घालत आहे, हे आपल्याला दिसत नसते. दहा मीटर लांबीची बंदिस्त जागा असेल, मधे कुठलेही दार उघडत नसेल आणि मागे पक्की भिंत असेल, तरच घरी सरावाचा विचार करावा. लक्ष्याच्या कागदामागे आत तिरपा पोलादी पत्रा बसवलेली पेटी ठेवावी, म्हणजे छरा त्यावर आपटून खाली पडतो. तिच्या मागे जुनी सोलापुरी चादर चौघडी करून सैल टांगली, तर चुकलेल्या छऱ्याला दुसरा अडसर मिळतो. कठीण पृष्ठभागावरून छरा उलटा येतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

छरा नळीत घालताना अंगठ्याने नीट आत बसवावा. त्याची पोकळ शेपटी वाकडी झाली, तर नेम कधीच एका ठिकाणी लागणार नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा चाप छरा न घालता दाबू नये, कारण समोर अडवणारी हवा नसल्याने पिस्टन थेट आदळतो आणि बंदूक खराब होते. छरे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अशी बंदूक हाती आली की मित्रमंडळी हिप्परगा तलावाकडे किंवा नान्नजच्या माळावर जाण्याचा आग्रह धरतात. होला असो वा तित्तिर, त्याच्यावर छरा झाडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. आणि नान्नज तर माळढोकासाठी राखलेले अभयारण्य आहे. ज्याला खरोखर नेमबाजीची गोडी लागते, त्याला कागद पुरतो. दहा मीटरवरच्या एअर रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यापुढे जत्रेतला फुगा फारच सोपा आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ऑलिम्पिकमधील नेमबाजी पाहून तिने हट्ट धरला आहे. तिला रायफल घेऊन द्यावी का?

उत्तर : तिला प्रशिक्षक मिळवून द्यावा, रायफल नंतर घेता येईल. सुरुवातीचे काही महिने क्लबचीच एअर रायफल वापरणे हिताचे असते, कारण वाढत्या वयात हाताची लांबी आणि खांद्याची रुंदी बदलते आणि आज बसणारा दस्ता वर्षभरात आखूड पडतो. स्पर्धेतली एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. ते वजन स्नायूंनी पेलायचे नसून हाडांच्या रचनेवर तोलायचे असते, आणि हे चुकीचे शिकल्यास पाठ धरते. काडतुसाच्या बंदुकीचा स्वतःचा परवाना वयाच्या २१ वर्षांपूर्वी मिळत नाही, त्यामुळे तो प्रश्न आज उद्भवतच नाही.

तिने मोठी स्वप्ने पाहिली, तर त्यांना आधार आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या ठरल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले. पण पदक मिळो वा न मिळो, सव्वा तासात साठ छरे मन ढळू न देता झाडण्याची सवय तिला आवडते का, एवढेच पहिल्या वर्षी पाहावे.

आपल्या भागात मान्यताप्राप्त प्रशिक्षण कोठे मिळते, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. पुढे ५० मीटरचा सराव करायचा झाला, तर पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील रेंज आहे.

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमच्या शेतातल्या घरी वडिलांची बारा बोअरची बंदूक आहे. वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. आठवण म्हणून आणि अधूनमधून नेमबाजीसाठी ती मला ठेवता येईल का?

उत्तर : परवाना वडिलांच्या नावे होता, त्यामुळे आज ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. हे पत्र वाचताच परवान्यासह ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. दोन महिने उलटले म्हणून घाबरून आणखी लांबवू नये. त्यानंतर कायदेशीर वारस म्हणून आपण परवान्यासाठी अर्ज करू शकता. इतर वारसांचे ना-हरकत पत्र सोबत ठेवावे.

बारा बोअरची नेमबाजी हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवर होते. राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील रौप्यपदक त्याच प्रकारातले आहे. परवाना मिळाला, तरी जुनी बंदूक जाणकार कारागिराकडून तपासल्याशिवाय चालवू नये. कित्येक जुन्या बंदुकींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अडीच इंची असते आणि आजचे पावणेतीन इंची काडतूस त्यात शिरले, तरी उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. लग्नाच्या वरातीत बार काढण्याचा आग्रह कोणी केला, तर स्पष्ट नकार द्यावा. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात पीसीपी एअर रायफलीची काय काळजी घ्यावी?

उत्तर : पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते आणि उष्णतेने तो दाब वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना बंद मोटारीत ती ठेवू नये, सिलिंडर उन्हात भरू नये आणि त्यावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा थोडी कमीच हवा भरावी. सिलिंडरवर पुढील तपासणीची तारीख असते. ती उलटून गेल्यास तपासणी होईपर्यंत तो वापरू नये.