घरी ॲनोडायझिंग आणि एचिंगसाठी कोणता पॉवर सप्लाय घ्यावा?

तुम्ही खानापूरहून विचारलंय की ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ॲनोडाइझ करायला (ॲसिडात वीज सोडून वर ऑक्साइडचा कडक थर चढवायला) आणि पितळी पाट्यांवर नावं एच करायला (विजेने धातू विरघळवून कोरायला) घरातला 12 व्होल्टचा ॲडॅप्टर चालेल का. नाही चालणार. ॲनोडायझिंगला तो कमी पडतो आणि एचिंगला जास्त होतो. 30 व्होल्ट, 5 अँपियरचा, करंट आणि व्होल्टेज दोन्ही ठरवून देता येणारा (सीसी-सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट करंट-कॉन्स्टंट व्होल्टेज) बेंच सप्लाय घ्या.

व्होल्टेजच्या आधी क्षेत्रफळ मोजा. 10 बाय 5 सेंमीची, 3 मिमी जाड पट्टी दोन्ही बाजू आणि कडा धरून साधारण 110 चौरस सेंमी भरते. दर 100 चौरस सेंमीला दीड अँपियर धरला, तर या पट्टीला 1.6 अँपियर लागतात. करंट तेवढ्यावर बांधा, व्होल्टेजची मर्यादा 18 ठेवा. अर्ध्या तासात 12 ते 15 मायक्रॉनचा थर बसतो, रंग धरायला तेवढा पुरे. हा थर म्हणजे ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड). बेळगावात हिंदाल्कोच्या कारखान्यात तयार होतो तोच पदार्थ. तो वीज अडवतो, म्हणून जसजसा वाढेल तसतसं सप्लायला व्होल्टेज चढवावं लागतं. ॲडॅप्टर हे करू शकत नाही, त्यामुळे करंट घसरतो आणि थर पातळ राहतो.

मीटरवर नजर ठेवा. व्होल्टेज एकदम 18 वर जाऊन करंट शून्याकडे आला, तर तार सैल आहे. तिच्याखालीच थर चढून जोड तुटलेला असतो. बांधायची तार ॲल्युमिनियमचीच हवी आणि ती घट्ट पिळा. तांब्याची तार ॲसिडात विरघळते. करंट पूर्ण पण व्होल्टेज एक-दोनच दिसलं, तर पट्टी कॅथोडला, म्हणजे मायनसला जोडलेल्या धातूला, टेकली आहे.

ॲनोडायझिंगचा बाथ (ज्यात पट्टी बुडवायची ते द्रावण) असा करा: बॅटरीच्या दुकानातलं ॲसिड एक भाग, डिस्टिल्ड वॉटर दीड भाग. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. चष्मा, हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. बाथ 20 अंशांच्या आसपास ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत बादलीभोवती बर्फ लागेल, नाहीतर थर भुसभुशीत होतो. मध्येच लाइट गेली तर पट्टी लगेच काढून धुवा, कारण करंट नसताना ॲसिड थर खात राहतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग (ओतीव ॲल्युमिनियम) मात्र यात घालू नका. सिलिकॉन जास्त असेल तर करडे डाग पडतात. 6061 किंवा 6063 या ग्रेडचं ॲल्युमिनियम घ्या.

एचिंगला तोच सप्लाय 2-3 व्होल्टवर लावा. शेतीच्या दुकानातलं मोरचूद (कॉपर सल्फेट) लिटरभर पाण्याला 150 ग्रॅम घ्या, पाटी प्लसला जोडा, मायनसला तांब्याचा तुकडा लावा. व्होल्टेज वाढवून घाई केलीत तर अक्षरांच्या कडा आतून पोखरल्या जातात आणि मास्क (न कोरायचा भाग झाकणारा थर) सुटतो. स्टेनलेस स्टील मिठाच्या पाण्यात एच करू नका. त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं. मोरचुदाचं वापरलेलं पाणी गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात साठवा. ते पुन्हा वापरता येतं.