वाचकांचे प्रश्न : बांधावरचा पाला, गोठ्यातला कडबा

या वेळी सोलापूर जिल्ह्यातल्या जनावरे पाळणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (सांगोला तालुका) : तीन एकर मुरमाड रान, दोन संकरित गाई आणि सहा शेळ्या आहेत. मार्चनंतर हिरवे काहीच राहत नाही. बांधावर चाऱ्याची झाडे लावायची म्हणतोय. कोणती लावू? ज्वारीला त्यांचा त्रास होईल का?

उत्तर : जरूर लावा, पण एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मुरमाड रानातही तग धरतात. शेवरी झपाट्याने वाढते. मात्र तिला थोडी ओल लागते आणि तीन-चार वर्षांत ती थकते, म्हणून ती विहिरीच्या किंवा पाटाच्या कडेला लावावी. हादगाही चांगला, पण तो बुंध्याजवळ छाटला की बहुधा वाळतो. त्याच्या फक्त बाजूच्या फांद्या काढाव्यात. एखाद्या कोपऱ्यात अंजन लावून ठेवा. ते सावकाश वाढते, पण दुष्काळात त्याचा पाला जनावरांना वाचवतो.

सुबाभळीच्या बियांचे कवच टणक असते. पाणी उकळून खाली उतरवा. थोडे निवले, म्हणजे साधारण ८० अंशांवर आले, की त्यात बी टाका. तीन-चार मिनिटांनी ते पाणी ओतून द्या आणि बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. हे न करता पेरले तर निम्मे बी तसेच पडून राहते आणि लोक बी खराब होते म्हणतात. रोपे उंच पिशवीत करा, कारण सोटमूळ वळले की झाड पुढे उन्हाळा काढत नाही. गिरिपुष्पाची तीन फुटांची, अंगठ्याहून जाड फांदी पहिल्या चांगल्या पावसात लावली तरी चालते. दोन झाडांत १ मीटर अंतर ठेवा. पहिले वर्षभर काट्याच्या फांद्यांचे कुंपण हवेच. शेळीने शेंडा खुडला की रोपाचे ते वर्ष वाया जाते.

पहिली छाटणी झाड पुरुषभर उंच झाल्याशिवाय करू नका. अडीच-तीन फूट खोड ठेवून धारदार कोयत्याने तिरका काप घ्या. पावसाळ्यात पुढची छाटणी ५०-६० दिवसांनी येते. उन्हाळ्यासाठी पाला हवा असेल तर शेवटची छाटणी पाऊस संपण्याआधीच आटोपा. सुबाभळीच्या शेंगा तपकिरी होण्याआधी फांद्या काढल्या नाहीत तर दोन वर्षांत सगळ्या रानात तिचीच रोपे दिसतील.

आता ज्वारीचे. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे झाडांची सावली उत्तरेला पडते. झाडे तुमच्या दक्षिण बांधावर असतील तर ज्वारीच्या कडेच्या ओळी बारीक राहतील. उत्तर बांधावर लावली तर सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल, तेव्हा आधी त्याच्याशी बोला. त्या बाजूला ओढा किंवा रस्ता असेल तर उत्तमच. मुळांसाठी पिकाच्या बाजूने एक फूट रुंद, दोन फूट खोल चर काढा आणि दर दोन वर्षांनी तो पुन्हा उकरा. ओल ओढणारी बहुतेक मुळे तिथेच तुटतात.

पाला खाऊ घालताना एक पथ्य पाळा. सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा हा पाला जास्त नको : शेळीला दिवसाला १ किलो, गाईला ५-६ किलो, तेही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत. केस गळू लागले, लाळ वाढली किंवा गळ्याला सूज आली की पाला लगेच बंद करा. घोड्याला, गाढवाला तो देऊच नका. गिरिपुष्पाच्या वासाने जनावर सुरुवातीला तोंड फिरवते. पाला एक दिवस सुकवून कडब्याच्या कुट्टीत मिसळला की खाते. बुरशी आलेला पाला मात्र फेकून द्या.

प्रश्न (माढा तालुका) : अझोलाचे (पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतीचे) वाफे करावेत का? खुराक निम्मा होतो म्हणतात.

उत्तर : तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असेल तर करू नका. अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. २ किलो ताजा अझोला म्हणजे जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम कोरडा चारा. त्यातले प्रथिन चांगले असले तरी एवढ्याने पेंड निम्मी होत नाही. शिवाय एप्रिलमध्ये वाफ्यातले पाणी तापले की तो तांबडा पडून सडतो.

प्रश्न (मोहोळ तालुका) : गाईंच्या ढेकरांतल्या वायूने हवामान बिघडते असे वाचले. छोट्या शेतकऱ्याने यात काय करायचे? गाई विकायच्या का?

उत्तर : तो वायू म्हणजे मिथेन. चारा पोटात आंबताना तो तयार होतो आणि चाऱ्यातली साधारण सहा टक्के ऊर्जा त्याच्याबरोबर बाहेर जाते. म्हणजे नुकसान आधी तुमचेच आहे. चारा जितका निकस, तितका दुधाच्या लिटरमागे मिथेन जास्त. चार-चार लिटरच्या दोन गाई आठ लिटरच्या एका गाईपेक्षा जास्त वायू सोडतात, कारण जगण्यापुरते दोघींनाही खावे लागते. म्हणून सुरुवात गव्हाणीपासून करा.

तुमच्याच मोहोळची मालदांडी ३५-१ ज्वारी असेल तर तिच्या चांगल्या कडब्यावर युरिया प्रक्रिया (युरियाच्या पाण्यात मुरवून निकस वैरण सुधारणे) करत बसू नका. एक इंचाची कुट्टी करा. नुसत्या कुट्टीने गव्हाणीत उरणारी बुडखे वाचतात. त्यात झाडपाला मिसळा : कडब्यात प्रथिन चारेक टक्के असते, सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात वीसच्या वर. प्रक्रिया हवी ती गव्हाच्या भुश्श्याला आणि बाजरीच्या सरमाडाला.

१०० किलो भुश्श्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी हे प्रमाण. युरिया पूर्ण विरघळू द्या. प्लॅस्टिक अंथरून त्यावर भुश्श्याचा थर द्या, झारीने पाणी सारखे शिंपडा, पायाने तुडवा, मग पुढचा थर. शेवटी ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो अमोनिया. रोज लागेल तेवढाच भुसा काढा, तासभर पसरवा, मगच घाला. बिघडते ते दोन ठिकाणी : पाणी कमी पडले की प्रक्रिया होत नाही आणि ताडपत्री फाटकी असली की बुरशी येते. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा भुसा नको. उरलेले युरियाचे पाणी बादलीत ठेवू नका. जनावर ते प्याले तर जिवावर बेतते.

प्रश्न (बार्शी तालुका) : कापलेल्या ज्वारीला पाऊस पडून हिरवे पोंगे फुटले आहेत. जनावरे सोडली तर चालेल का?

उत्तर : अजिबात सोडू नका, किराळ लागेल, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होईल. कोवळ्या ज्वारीत, ताणावर असलेल्या पिकात आणि पुन्हा फुटलेल्या पोंग्यांत एक द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटते. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. उपाशी जनावर भराभर खाते, म्हणून त्याला धोका सर्वांत मोठा. काही मिनिटांतच धाप लागते, अंग थरथरते, तोल जातो. डोळ्यांच्या आतली त्वचा लालभडक दिसते. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पशुवैद्यकाला फोन करून ‘किराळ’ हाच शब्द सांगा, म्हणजे ते सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइटची इंजेक्शने घेऊनच निघतील. ती शिरेतून द्यावी लागतात.

हिरवी ज्वारी पीक फुलोऱ्यात आल्यावरच घाला. हे पोंगे वापरायचेच असतील तर कापून कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि आधी सुका कडबा घालून मग थोडे थोडे द्या. तोवर त्या रानाभोवती दोरी बांधा आणि गुराख्याला स्वतः सांगा.