गोवर आला, कांजिण्या आल्या

प्रश्न असा आहे : मुलाच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत, डॉक्टर चिकनपॉक्स म्हणाले, सासूबाई गोवर म्हणतात आणि शेजारच्या काकू देवी. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कांजिण्या. 'कांजण्या' असंही लिहितात, दोन्ही रूपं रूढ आहेत.

गोवर म्हणजे मीझल्स. तो आजार वेगळा, विषाणूही वेगळा. आपण 'गोवर आला' म्हणतो, पण 'कांजिण्या आल्या'. हा वचनभेद ओळखीची खूण म्हणून फार उपयोगी आहे. गोवरात आधी ताप, खोकला, सर्दी, लाल डोळे; मग कानामागून, कपाळावरून बारीक लाल पुरळ खाली उतरत जातं आणि ठिकठिकाणी एकमेकांत मिसळतं. कांजिण्यांचा फोड मात्र सुटा दिसतो. एकाला खपली धरते तोवर शेजारी दुसरा उठतो, आणि खाज विलक्षण.

काकूंचा शब्द मात्र आता कोणत्याच मुलाला लावू नये. देवीचा रोग, म्हणजे स्मॉलपॉक्स, भारतातून 1975 साली गेला, 1980 मध्ये जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. 'देवी काढणे' म्हणजे त्या रोगाची लस टोचणे. जुन्या पिढीच्या दंडावर त्या लसीचा वण अजून दिसतो.

एका वाक्प्रयोगाबद्दल मला मनापासून काळजी वाटते : 'गोवर बाहेर पडू द्यावा, आत जिरू नये.' या समजुतीपायी औषध थांबवलं जातं, डॉक्टरकडे जायला उशीर होतो. गोवरातून न्यूमोनिया होतो, मुलं दगावतात. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा हे पुन्हा दिसलं. नवव्या महिन्यानंतरची लस आणि दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस चुकवू नये. या लसीच्या नावात रुबेलाही असतो. त्याला 'जर्मन गोवर' म्हणत असले तरी तो गोवर नव्हे. गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाला घातक.

कांजिण्यांचं खरं नातं 'नागीण' या शब्दाशी आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. म्हणून आजोबांना नागीण झाली असेल तर फोड झाकून ठेवावेत. ज्या नातवाला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही दिलेली नाही, त्याला त्या फोडांतून नागीण नव्हे, कांजिण्याच येतात.